कधी कधी अंगण वाकडंच असतं

"नाचता येईना, अंगण वाकडे" ही म्हण मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं शिकवली. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, झालं. स्वतःला काम जमत नसलं की माणूस साधनाला नावं ठेवतो, हा तिचा अर्थ, आणि तो खराही आहे. पण निवृत्तीनंतर निवांत बसून विचार करायला वेळ मिळाला, तसं मला वाटू लागलंय की या म्हणीला एक धाकटी बहीण हवी होती. कारण कधी कधी अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि नाचणारा बिचारा जन्मभर समजत राहतो की आपल्यालाच नाचता येत नाही!

आज ज्या अंगणाबद्दल लिहायचंय ते अगदी छोटं आहे. वीतभर लाकडी दांडा आणि पुढे केसांचा झुपका. चित्रकलेचा ब्रश.

आता तुम्ही म्हणाल, बाई मराठीच्या, यांचा ब्रशशी काय संबंध? सांगते. मी बी. ए. मराठीची. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी आणि इतिहास शिकवायची. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर बदलून गेले आणि ती जागा काही भरली गेली नाही. अशा वेळी छोट्या शाळांमध्ये काय होतं ते शिक्षक मंडळींना ठाऊक आहे. ज्याचं फळ्यावरचं अक्षर बरं, त्याच्या गळ्यात चित्रकलेचा तास! माझं अक्षर बरं होतं. मग एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी शेजारच्या गावातल्या एका निवृत्त कलाशिक्षकांना मी विनंती केली. ते दर रविवारी यायचे, मुलांबरोबर मीही मागच्या बाकावर बसायची. पहिले दोन रविवार त्यांनी कागदावर एक रेघ मारू दिली नाही. फक्त ब्रश. ब्रश ओला करायचा, झटकायचा, बघायचा, धुवायचा, ठेवायचा. मुलं कंटाळली. मीही मनातून थोडी कंटाळलेच. पण त्या दोन रविवारी जे ऐकलं ते आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरही जसंच्या तसं आठवतंय.

ते म्हणायचे, ब्रशला तीन गोष्टी असाव्या लागतात. पोट, टोक आणि उसळी.

पोट म्हणजे केसांच्या झुपक्याचा मधला फुगीर भाग. रंगाचं पाणी तिथे साठतं. निरांजनातली वात जशी तेल धरून ठेवते आणि हळूहळू वर देते, तसंच. केसाला केस चिकटून बसले की मधल्या बारीक फटींमध्ये पाणी अडकून राहतं, आणि टोक कागदाला लागलं की तेवढं तेवढं खाली उतरतं. पोट नसलेला ब्रश एक तर कोरडा असतो, नाही तर थेंब सांडतो. मधलं काही त्याला माहीतच नसतं.

टोक म्हणजे ओला केल्यावर सगळे केस एकत्र येऊन होणारी अणी. चांगला जाड गोल ब्रशसुद्धा टोकाने केसाएवढी बारीक रेघ मारतो आणि दाबला की बोटभर रुंद पट्टा ओढतो. एकाच ब्रशमध्ये पानाचा देठही असतो आणि पानही.

आणि उसळी म्हणजे दाबून उचलल्यावर केस पुन्हा सरळ होणं. ज्याला उसळी नाही तो एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. पुढची रेघ कुठे जाईल ते ब्रश ठरवतो, आपण नाही.

आता शाळेतल्या मुलांच्या दप्तरातला ब्रश डोळ्यांपुढे आणा. रंगाच्या वड्यांच्या पेटीबरोबर फुकट मिळणारा, प्लॅस्टिकच्या दांड्याचा. त्याला पोट नाही, टोक नाही, उसळी नाही. ओला केला की केसांचे तीन-चार फाटे होतात, जुन्या केरसुणीसारखे. शिवाय केस गळून कागदावर चिकटतात ते वेगळंच. आणि हा ब्रश आपण कोणाला देतो? ज्याला अजून काहीच येत नाही त्याला. सायकल शिकणाऱ्या पोराला वाकड्या चाकाची सायकल द्यावी आणि पडला की म्हणावं, तुला तोल नाही!

माझ्या वर्गात सातवीत एक मुलगा होता. खाडीकाठच्या वाडीतला. चित्रकलेच्या तासाला तो खिडकीजवळ जाऊन बसायचा आणि कागद कोरा ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "बाई, माझा हात नाही." घरातल्या कोणीतरी सांगितलेलं वाक्य असणार ते, त्याच्या वयाचं नव्हतं. एका रविवारी सरांनी त्याला त्यांचा स्वतःचा सहा नंबरचा गोल ब्रश दिला आणि फक्त एक होडीची दोरी काढायला सांगितली. खुंटाशी जाड, पुढे बारीक होत गेलेली. त्याने ती एका दमात काढली. मग दुसरी काढली. तासभर नुसत्या दोऱ्याच काढत होता. पुढे तो मोठा चित्रकार वगैरे झाला असं सांगता आलं असतं तर लेख छान रंगला असता, पण तसं काही नाही. शाळा संपल्यावर तो मुंबईला गेला, नोकरीला लागला, एवढंच मला ठाऊक आहे. पण "माझा हात नाही" हे वाक्य मी पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही. मला तेवढं पुरे आहे.

याची दुसरी बाजू मला इथे पुण्याला मुलाकडे राहायला आल्यावर दिसली. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात आठवड्यातून एकदा जलरंगाचा वर्ग भरतो. कोणी शिकवणारं असं नाही, ज्याला जे येतं ते त्याने दाखवायचं. तिथे येणाऱ्या निम्म्या लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "मला चित्रकला अजिबात येत नाही हं, लहानपणापासूनच." एक बहात्तर वर्षांच्या ताई आहेत. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होत्या, हिशोबाला पक्क्या. त्यांना पाचवीत कळलं की आपल्याला चित्र येत नाही. कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "सगळ्या पाकळ्या फुटायच्या हो, एक धड निघायची नाही." त्यांच्या हातात आठ नंबरचा बरा ब्रश दिला. पाकळी म्हणजे टोक टेकवायचं, दाबायचं आणि उचलायचं, बस्स. दहाव्या पाकळीला त्या थांबल्या आणि ब्रशकडे बघत राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. मी मनात हिशोब केला. पाचवी म्हणजे दहा वर्षांच्या. बासष्ट वर्षं!

म्हणून हा सगळा खटाटोप. नातवंडांसाठी किंवा स्वतःसाठी ब्रश घ्यायला दुकानात गेलात तर काय बघायचं ते आता नीट सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे संच घेऊ नका. बारा ब्रशांचा पुडा स्वस्त दिसतो, पण त्यातले नऊ कधी लागतच नाहीत. जलरंगासाठी एक गोल ब्रश आठ नंबरचा, एक तीन किंवा चार नंबरचा आणि आकाश-पाण्यासारख्या मोठ्या जागांसाठी एक इंचभर रुंदीचा चपटा, एवढ्यात वर्षानुवर्षं काम भागतं. नंबर जितका मोठा तितका ब्रश जाड, पण एका कंपनीचा आठ नंबर दुसरीच्या आठाएवढाच असेल याची खात्री नाही. तेव्हा नंबरापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

दुसरी गोष्ट, दुकानातला नवा ब्रश टोकदार दिसतो तो त्याच्या गुणाने नव्हे. केसांना डिंक किंवा खळ लावून टोक बसवलेलं असतं, नव्या साडीला कांजी असते तसं. ती कांजी धुतल्यावर खरं रूप कळतं. म्हणून दुकानदाराला वाटीभर पाणी मागावं. चांगला दुकानदार देतो. ब्रश पाण्यात हलवून डिंक जाऊ द्यावा आणि मनगटाने एक हलका झटका द्यावा. केस आपण होऊन एका टोकात आले तर घ्यावा. फाटे फुटले तर नमस्कार करून पुढचा बघावा. मग ओलं टोक अंगठ्याच्या नखावर दाबून उचलावं, म्हणजे उसळी कळते. शेवटी केस धरून ठेवणारी धातूची नळी दांड्यावर हलत नाही ना ते पाहावं. तिला फेरूल म्हणतात, आमचे सर तिला ब्रशची मान म्हणायचे. मान हलते तो ब्रश फार दिवसांचा सोबती नव्हे.

या मानेचा एक छोटा इतिहास आहे. पूर्वी युरोपात आणि आपल्याकडेही केसांची जुडी पक्ष्याच्या पिसाच्या पोकळ देठात बसवत. देठ गोल, म्हणून ब्रशही गोल. एकोणिसाव्या शतकात पत्र्याची नळी आली. ती चिमटून चपटी करता येऊ लागली, आणि मग चपटा ब्रश सर्रास मिळू लागला. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे ते आखूड, तुकड्यातुकड्यांचे फटकारे आठवा. त्यात या पत्र्याच्या नळीचाही वाटा आहे. अंगणाचा आणि नाचाचा संबंध असतो तो असा.

तिसरी गोष्ट म्हणजे केस. इथे मात्र फार गोंधळ आहे. लहानपणी मला वाटायचं ब्रश उंटाच्या केसांचे असतात. आपल्याकडे हा समज पक्का व्हायला एक खास कारणही आहे. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, त्याचीच पुढे कॅम्लिन झाली आणि उंटाचं चित्र महाराष्ट्रातल्या घराघरांत कंपासपेटीवर नि रंगपेटीवर पोचलं. पण इंग्रजीत जो ब्रश "कॅमल हेअर" या नावाने शेकडो वर्षं विकला जातो, त्याचा या कंपनीशी संबंध नाही आणि उंटाशी तर मुळीच नाही! त्यात असतात खारीचे, घोड्याचे, शेळीचे नाही तर बैलाच्या कानातले केस. उंटाचे केस लोकरीसारखे कुरळे, ब्रशला निरुपयोगी.

तैलरंगासाठी डुकराचे राठ केस वापरतात. त्या केसांच्या टोकाला मुळातच बारीक फाटे असतात आणि लोण्यासारखा दाट रंग त्यांत छान अडकतो. म्हणून हा ब्रश जलरंगाला घेऊ नये आणि जलरंगाचा मऊ ब्रश तैलरंगात बुडवू नये. पोळीचा तवा आणि दुधाचं पातेलं जसं आपण वेगळं ठेवतो, तसंच हे.

जलरंगातला राजा म्हणजे सेबल. त्यातही कोलिन्स्की सेबल. तो खरं तर सेबल नव्हेच, सैबेरियाकडच्या एका मुंगसासारख्या लांबुडक्या प्राण्याच्या शेपटीचे केस ते. विन्सर अँड न्यूटन ही इंग्रज कंपनी सांगते की १८६६ साली व्हिक्टोरिया राणीने त्यांना उत्तमातले उत्तम ब्रश करायला सांगितले आणि तिचा आवडता आकार सात नंबरचा, म्हणून त्या मालिकेचं नाव "सिरीज सेव्हन". आजही ते मिळतात. किंमत बघून मात्र मी हात जोडते.

आणि आता ज्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही ते. आपल्याकडे हे राजेपण मुंगसाच्या केसांना मिळालं होतं. चित्रकार मंडळी वर्षानुवर्षं मुंगसाच्या ब्रशाची तारीफ करत आली. कडक तरी लवचीक, टोकाला पक्का, टिकाऊ. तारीफ खोटी नाही. पण मुंगूस काही लोकर कातरून देत नाही. तो मारला जातो. एक किलो केसांसाठी पन्नासच्या आसपास मुंगसं मारली जातात असं वन्यजीव संरक्षणाचं काम करणारे सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाची शिकार आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. तरीही चोरून धंदा चालतोच. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट हे गाव ब्रश बनवण्यासाठी देशभर प्रसिद्ध. तिथे हजारो घरं सरळमार्गाने या कामावर पोट भरतात, पण मुंगसाच्या केसांच्या छाप्यांतही त्या गावाचं नाव येत राहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने निरनिराळ्या राज्यांत एकाच दिवशी छापे घातले. त्या मोहिमेचं नावच "ऑपरेशन क्लीन आर्ट". छाप्यांच्या यादीत मुंबई आणि पुणंही होतं. म्हणजे हे दूरदेशीचं पाप नव्हे, गिऱ्हाईक आपल्यातच होतं.

मुंगूस आपल्या घरचा पाहुणा आहे हो. कोकणात परसातून पळत गेलं की पोरं त्याला तोंड दाखव म्हणून शपथा घालायची. सकाळी दिसलं की दिवस चांगला जाणार म्हणून म्हातारी माणसं खूष. पंचतंत्रातली गोष्ट तर मी किती वर्गांना सांगितली असेल! पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवलेलं मुंगूस, त्याचं रक्ताळलेलं तोंड, आणि विचार न करता त्यालाच मारणारी आई. मुलं दर वेळी गप्प व्हायची. त्याच मुलांच्या हातात त्याच मुंगसाच्या शेपटीचा ब्रश देऊन आपण त्यांना निसर्गचित्र काढायला सांगायचं?

कोणी जुना "खास" ब्रश म्हणून दाखवला तर ओळखायची एक खूण सांगते. मुंगसाचा केस एकरंगी नसतो. टोकाला गडद, मध्ये दुधाळ फिकट, खाली पुन्हा गडद, असा पट्ट्यापट्ट्यांचा असतो. अर्थात हल्ली कृत्रिम धागेही तसे रंगवून मिळतात, तेव्हा नुसत्या पट्ट्यांवरून कोणावर आळ घेऊ नये. दांड्यावर "सिंथेटिक" लिहिलं आहे का ते पाहावं, दुकानदाराला स्पष्ट विचारावं. तो गुळमुळीत बोलला तर ब्रश तिथेच ठेवून यावं.

आणि त्याने आपलं काही अडत नाही, ही खरी आनंदाची गोष्ट. नायलॉनचा पहिला माल बाजारात आला तो १९३८ साली, दात घासायच्या ब्रशाच्या रूपाने. तिथून पुढे धाग्याचं टोक निमुळतं करायची विद्या इतकी सुधारली की आजचा साधा सोनेरी सिंथेटिक ब्रश आमच्या सरांच्या काळातल्या पुष्कळ केसाळ ब्रशांना लाजवेल. एक फरक मात्र आहे. खऱ्या केसावर बारीक खवले असतात, त्यांत पाणी थबकतं. कृत्रिम धागा गुळगुळीत, तो पाणी भराभर सोडतो. म्हणजे रंग थोडा वारंवार घ्यायचा आणि सुरुवातीचा भला मोठा थेंब भांड्याच्या काठाला टेकवून काढायचा. दोन दिवसांत हाताला सवय होते. उसळी तर याची जास्तच. आठ नंबरचा असा ब्रश सहकुटुंब एकदा डोसा खायला जाण्यापेक्षा स्वस्त पडतो.

आता निगा. खरं सांगू? ब्रश कागदावर झिजून मरत नाहीत. ते पेल्यात मरतात. रंगवताना ब्रश पाण्याच्या पेल्यात डोक्यावर उभा करून ठेवायची सवय सगळ्यांना असते. दोन गोष्टी बिघडतात. केसांचं टोक वजनाने वाकतं आणि वाकलेलंच वाळतं. शिवाय पाणी मानेत शिरतं, लाकूड फुगतं, दांड्याचा रंग तडकतो आणि लाकूड वाळून आकसलं की मान खुळखुळ हलायला लागते. म्हणून वापरात नसलेला ब्रश आडवा ठेवावा. जुन्या पाटीच्या चौकटीवर किंवा घडी केलेल्या फडक्यावर.

काम झालं की लगेच धुवावा. चहा पिऊन मग धुऊ, असं नाही! जलरंग उशिरा धुतला तर एक वेळ चालतं, पण अॅक्रिलिक वाळलं की प्लॅस्टिकच होतं आणि ब्रश संपला म्हणून समजा. पाणी साधंच घ्यावं, गरम नको. गरम पाण्याने मानेतला गोंद सुटतो. अंगाच्या साबणाची वडी तळहातावर थोडी घासावी आणि त्यात ब्रश गोल गोल फिरवावा, बाळाचं डोकं चोळतो तेवढ्याच हाताने. फेस रंगीत येतोय तोवर थांबायचं नाही. रंग सगळ्यात जास्त लपतो तो मानेजवळ, केसांच्या मुळाशी. तो तिथे साचला की केस आतून फाकतात आणि टोक कायमचं जातं. फेस पांढरा आला की धुवून, झटकून, बोटांनी टोक करून आडवा वाळवावा. ओला असताना उभा ठेवला तर पाणी पुन्हा मानेत उतरतं. पूर्ण वाळला की मग खुशाल केस वर करून बरणीत उभा ठेवा.

नव्या ब्रशाबरोबर येणारी प्लॅस्टिकची नळकांडी टोपी फेकून दिली तरी चालेल. ती दुकानापर्यंतच्या प्रवासासाठी असते. ओल्या ब्रशावर ती घातली की आत बुरशी धरते आणि घालताना दोन-चार केस उलटे वळतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नकोच. आषाढ-श्रावणात ब्रश हवा लागेल असे ठेवावेत. खऱ्या केसांचे जुने ब्रश असतील तर त्यांना कसर लागते, लोकरीला लागते तशीच. डब्यात डांबराची गोळी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला टाकावा.

आणि एक गोष्ट मी वर्गात फार कडकपणे पाळायची. ब्रश तोंडात घालून टोक करायचं नाही. मोठमोठे लोक करतात, पण रंगांमध्ये कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये १९१७ च्या सुमारास घड्याळाच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायला मुली कामाला ठेवल्या होत्या. आकडे नाजूक, म्हणून ब्रश ओठांत धरून टोक करायला त्यांना शिकवलेलं. रंगात होतं रेडियम. कितीतरी मुलींची जबड्याची हाडं सडली, कितीजणी मेल्या. पाचजणी कोर्टात गेल्या आणि १९२८ साली कंपनीला तडजोड करावी लागली. ही हकीकत मी इतिहासाच्या तासाला नव्हे, चित्रकलेच्या तासाला सांगायची. त्यानंतर कोणाचाही ब्रश तोंडाकडे जायचा नाही!

इतकी काळजी घेतली तरी एक दिवस टोक जातं. तेव्हाही ब्रश फेकू नका. सिंथेटिक असेल तर फक्त टोकाचे केस क्षणभर कढत पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करा, पुष्कळदा तो ताळ्यावर येतो. नाही आला तर त्याला हलकं काम द्या. रंग कालवायला, गवत आणि झाडाची साल काढायला, डिंक लावायला. आमच्यासारख्या निवृत्तांनाही घरात अशीच कामं असतात की! चांगल्या ब्रशाने वडीवर रंग घोटायचा नाही, ते म्हाताऱ्यावर सोपवायचं.

कोणी म्हणेल, एवढं अवडंबर कशाला? आपल्या वारली बायकांनी बांबूच्या काडीचं टोक चावून त्याच काडीने भिंती रंगवल्या. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या कलेचं मूळही त्या काडीतच. अगदी बरोबर. पण बघा, ती काडी वाकडं अंगण नव्हेच. तांदळाच्या पिठाचा रंग, शेणा-गेरूची भिंत, बारीक रेघा आणि ठिपके, याला ती काडी चपखल आहे. पिढ्यान् पिढ्या पारखून घेतलेलं साधन आहे ते. साधन महाग असावं असं मी म्हणतच नाही. ते कामाला प्रामाणिक असावं, एवढंच. तीच काडी देऊन कोणाला सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं "ग्लो ऑफ होप" काढायला सांगून पाहा. जलरंगातलं चित्र ते. दिव्याचा उजेड बोटांमधून झिरपताना दाखवलाय. जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. तिथे एक थेंब चुकीचा सांडला की उजेड गेला.

तेव्हा मंडळी, नवीन वर्षाची शाळेची यादी हातात पडली आणि त्यात "ब्रश" असं नुसतं लिहिलेलं दिसलं, की फुकटचा पेटीत आहेच म्हणून पुढे जाऊ नका. एक बरा ब्रश घ्या, कोणाचाही जीव न घेतलेला. पोराला चित्र शिकवायच्या आधी तो धुवायला शिकवा. आणि कोणी मूल, किंवा माझ्या वयाचं कोणी, "मला येत नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी त्यांचा ब्रश मागून घ्या, ओला करा आणि झटकून बघा.